कोंडवाडा की छावणी?



आपल्या लातूर-नांदेडच्या महिला मंडळांत सध्या एकच विषय आहे, चीनची सहल. चेंगदूला जाऊन पांडे पाहायचे. नातवंडांनी मोबाइलवर दाखवलेले ते काळे-पांढरे गोळे पाहून निम्म्या जणी विरघळल्या आहेत. उरलेल्या म्हणतात, कोंडलेली जनावरं पैसे देऊन पाहायची, हे आपल्या धर्मात बसतं का? शिवाय तिकडे खायचं काय?

खाण्याचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. चीनमधले बौद्ध मठ शाकाहारी जेवण देतात आणि त्यात कांदा-लसूण नसतो. चेंगदूच्या वेन्शू मठातही असं भोजनालय आहे. पण बटाटा, आलं, कमळकाकडी, मश्रूम त्यांना चालतात, म्हणून कंदमूळ न खाणाऱ्यांनी विचारूनच ताट घ्यावं. ताजी फळं-भाज्या बाहेरून नेऊ देत नाहीत. तेव्हा खाकरे, दशम्या, भडंग आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी बरोबर हवीच. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांची तर सोयच आहे. अख्ख्या चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचं. चेंगदू त्याच्या बरंच पश्चिमेला. एप्रिलमध्ये तिथे साडेसातलाही सूर्य असतो.

चातुर्मासात मात्र जाऊ नये. ज्यांनी देशव्रत घेतलं आहे त्यांचा प्रश्नच नाही, पण इतरांनीही कार्तिकी पौर्णिमा होऊ द्यावी. पांड्याची पिल्लं बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये जन्मतात, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत ती थोडी मोठी होतात. हवाही थंड असते. कडक उन्हाळ्यात पांड्यांना आतच ठेवतात, मग आपण काचेतून बघायचं.

आता खरा प्रश्न. जिंतूरला नेमगिरीच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. ज्या नेमिनाथ भगवंतांपुढे आपण तिथे हात जोडतो, त्यांनी लग्नाला जाताना कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला. हे पशू वऱ्हाडाच्या जेवणासाठी बांधलेत, हे कळताच त्यांनी रथ वळवला आणि गिरनारची वाट धरली. त्यांच्या लेकींनी तिकीट काढून कुंपणातला प्राणी पाहायचा का, असं कुणी विचारलं तर तिला हसून गप्प करू नये.

मी याचा विचार आपल्या मराठवाड्याच्या अनुभवातून करते. आपल्याकडे जनावर दोन ठिकाणी बांधलेलं दिसतं, कोंडवाड्यात आणि चारा छावणीत. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी गुरं छावणीत नेली. दावं दोन्हीकडे आहे. पण कोंडवाड्यातलं दावं माणसाच्या सोयीसाठी आणि छावणीतलं त्या जिवासाठी. म्हणून दावं दिसलं की ते कुणासाठी आहे, हे विचारायचं.

चेंगदूचं पांडा केंद्र छावणीसारखंच सुरू झालं. 1980 च्या दशकात तिकडच्या डोंगरांतला बांबू फुलोरा येऊन वाळला. पांड्याचं जवळजवळ सगळं अन्न बांबू, दिवसाला 12 ते 38 किलो. तो उपासमारीला आला. जंगलातून वाचवलेले सहा पांडे घेऊन 1987 मध्ये हे केंद्र उभं राहिलं. पुढे जंगलंही राखली गेली. 2015 मध्ये जाहीर झालेल्या गणनेत रानातले पांडे 1,864 निघाले आणि 2016 मध्ये जागतिक यादीत त्यांचा धोका एक पायरी कमी झाला. पूर्वी पैसे भरून पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढता येत असे, तेही आता बंद आहे. या सगळ्या जमेच्या बाजू.

खर्चाची बाजूही मांडायला हवी. छावणीतली गुरं पाऊस पडला की घरी जातात. केंद्रात जन्मलेले बहुतेक पांडे तिथेच म्हातारे होतात. रानात परत सोडलेले फार थोडे. परदेशी प्राणिसंग्रहालयांना ते भाड्यानेही दिले जातात, जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. अमुक एका पांड्याला काय मिळालं, हा आपल्या धर्माचा प्रश्न. जात टिकली का, हा त्यांच्या शास्त्राचा. दोन्ही प्रश्न मनात ठेवूनच तिथे उभं राहावं. ‘पांडा आपल्यासारखा शाकाहारी’ म्हणून त्याला आपल्या पंगतीत बसवायचीही गरज नाही, कधीमधी तो मांसही खातो. महावीरांचं लांछन सिंह आहे. दया आहार पाहून करायची नसते, आणि चेहरा पाहून तर नाहीच.

हे लिहिताना मला नान्नज आठवतं. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, लातूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर, 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. कागदावर 8,496 चौरस किलोमीटर, पुढे कमी करून 1,222. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. माळ नांगराखाली गेले. जड अंगाचा हा पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही. विजेच्या तारांना धडकून मरतो. आता देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, जवळजवळ सगळे राजस्थानात. तिकडे जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे अंडी उबवून पिल्लं वाढवतात. त्यांची छावणी उभी राहिली, पण फार उशिरा. नान्नजला अलीकडे एखादा दिसला तरी बातमी होते. त्याच्यासाठी कुठल्या मंडळाने सहल काढल्याचं ऐकिवात नाही. मऊ खेळणं व्हावं असा त्याचा चेहरा नाही ना!

म्हणून माझं मत असं. चेंगदूला जरूर जा, रथ वळवायची गरज नाही. पण त्याआधी एक दिवस नान्नजच्या माळावर जाऊन या. माळढोक बहुधा दिसणार नाही. काळवीट दिसतील आणि रिकामं गवत दिसेल. ते रिकामं गवत पाहून जी बाई चीनला जाईल, तिला पांड्याच्या कुंपणाची किंमत कळेल. आणि सहलीच्या खर्चाचा दहावा भाग आधीच बाजूला काढून आपल्याच गावच्या पांजरपोळात चाऱ्यासाठी द्या. तिथली भाकड गाय कुणी मोबाइलवर दाखवत नाही.