कागद कुणाच्या नावावर?

आमच्या धाराशिवात अमेरिकेतलं स्थळ जमलं की पेढ्यांचा पुडा सगळ्या गल्लीत फिरतो. ‘मुलगा एच-वन-बीवर आहे’ हे वाक्य आता इथल्या काकूंनाही पाठ झालंय. परवा अशाच एक काकू पुडा घेऊन आल्या. मुलगी एम. एस्सी., लातूरला कॉलेजवर शिकवते. मी विचारलं, “आणि हिच्या नोकरीचं काय हो तिकडे?” तर म्हणाल्या, “तिला काय करायचंय? नवऱ्याचा व्हिसा असला की बायकोचा आपोआप होतो.”

पेढा खाल्ला, पण त्या ‘आपोआप’वर माझं मन अडकून बसलं. कारण माझी सख्खी भाची याच ‘आपोआप’वर गेली. ताईची मोठी लेक. कळंबला शाळा शिकली, पुण्यात एम. फार्म. केलं, चार वर्षं औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. २०१७ साली लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. जावई चांगला आहे, शब्दानं कधी दुखवत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वाईट नवऱ्याची गोष्ट सांगतेय. मला सांगायचंय ते कागदाबद्दल.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी आम्ही तिघी रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं निघालो होतो. फाईल भाचीच्या मांडीवर. तिच्या पदव्या, अनुभवाचे दाखले मी स्वतः ओळीनं लावून दिले होते. खिडकीपाशी त्यातला एकही कागद लागला नाही. विचारलं ते नवऱ्याबद्दल. काय करतो, पगार किती, लग्नाचे फोटो आणलेत का? बाहेर आल्यावर ती हसून म्हणाली, “मावशी, मी त्याच्या सामानात चाललेय गं.” तेव्हा आम्हीही हसलो.

तिला मिळाला त्या व्हिसाचं नाव एच-फोर. एच-वन-बी हा नोकरीचा. त्यासाठी कंपनी अर्ज करते आणि मंजूर होणाऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास आपले भारतीय असतात. त्यांच्या बायकामुलांना मिळतो तो एच-फोर. त्यावर तिकडे राहता येतं, शिकता येतं, गाडीचं लायसन काढता येतं. पगार मात्र घेता येत नाही. नोकरीची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही, आणि आपल्याकडे पॅन-आधारवाचून जसं अडतं तसं तिकडे त्या नंबरावाचून अडतं. भाचीची पहिली तीन वर्षं अशी गेली. ताईला वाटायचं, लेक आराम करतेय. मला मात्र ती फोनवर म्हणायची, “साधी कानातली घ्यायची तरी त्याला विचारावं लागतं, मावशी. तो नाही म्हणत नाही गं. पण विचारावं लागतंच ना!”

मैत्रिणींनो, या बायकांसाठी २६ मे २०१५ पासून एक दार किलकिलं झालं. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी कंपनीनं केलेला अर्ज, ज्याला आय-१४० म्हणतात, तो मंजूर झाला असेल तर एच-फोरवरच्या बायकोला नोकरीच्या परवान्याचं वेगळं कार्ड मागता येऊ लागलं. २०१७ च्या अखेरीपर्यंत असं पहिलं कार्ड मिळालेल्यांची संख्या ९० हजारांच्या वर गेली होती. त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त भारतात जन्मलेल्या व्यक्ती, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त बायका. म्हणजे हा नियम कागदावर सगळ्या देशांचा असला तरी प्रत्यक्षात आपल्या लेकीसुनांचाच म्हणायचा.

या नियमाविरुद्ध ‘सेव्ह जॉब्स यूएसए’ ही संघटना २०१५ सालीच कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं असं, की परदेशी लोकांमुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, आणि आता त्यांच्या जोडीदारांनाही परवाना देण्याचा अधिकार सरकारी खात्याला कायद्यानं दिलेलाच नाही. नोकरी गेलेल्या माणसाचा राग आपण समजू शकतो. पण खटला चालला दहा वर्षं. मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सरकारनंच हा नियम मागं घ्यायचं ठरवलं होतं, ते तडीस गेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टानं नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पुढचं अपील ऐकायला नकार दिला. तोवर दहा वर्षं या बायका सकाळी डबा घेऊन कामाला जात होत्या, आणि उद्या परवाना राहील की नाही ते माहीत नव्हतं.

भाचीला कार्ड मिळालं २०२० साली. पहिल्या पगारातून तिनं ताईला पैसे पाठवले. ताईनं तुळजापूरला जाऊन ओटी भरली.

आता अलीकडच्या दोन बातम्या बघा. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. आपल्या रुपयांत जवळजवळ ८८ लाख. शनिवार-रविवारभर घरोघरी फोन वाजत होते. सुट्टीवर आलेली मुलं विमानतळाकडे धावली. मग खुलासा झाला की हे नव्या अर्जांसाठी आहे, आधीपासून ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना लागू नाही. तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टीव्हीवर दोन दिवस चर्चा, गल्लीतही तीच.

दुसरी बातमी ३० ऑक्टोबर २०२५ ची. ती आपल्याकडे कुणाच्या कानावरही आली नाही. पूर्वी नोकरीच्या कार्डाची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज टाकला, की निकाल लागेपर्यंत जुन्या कार्डावर काम चालू ठेवता यायचं, ५४० दिवसांपर्यंत. त्या दिवसापासून टाकलेल्या अर्जांना ही सवलत बंद झाली. मुदत संपली आणि नवं कार्ड हातात नसलं, की दुसऱ्या दिवसापासून कामावर जायचं नाही.

भाची नेमकी यात सापडली. तुम्ही म्हणाल, अर्ज लवकर टाकायचा होता! मीही तेच म्हटलं. तेव्हा तिनं मला सगळी साखळी समजावून सांगितली. तिच्या कार्डाला आधार तिच्या एच-फोरचा. एच-फोरला आधार नवऱ्याच्या एच-वन-बीचा. एच-वन-बीला आधार त्याच्या कंपनीचा. कंपनीनं त्याच्या मुदतवाढीचे कागद नोव्हेंबरात केले, त्यानंतर हिचे गेले, आणि जानेवारीत हिचं कार्ड संपलं. पाच वर्षांची नोकरी असलेली बाई एका सोमवारी घरी बसली. तिच्या हातून चूक कुठलीच नव्हती. फक्त तिचा कागद दुसऱ्याच्या कागदाला बांधलेला होता.

हे ऐकताना मला अमेरिका लांबची वाटेना. आपल्या जिल्ह्यात वेगळं काय चाललंय? शेतात खुरपायला, वेचायला बाई, सातबाऱ्यावर नाव मात्र नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. तो गेला की तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी हेलपाटे तिनं घालायचे. किती घरांत पाहिलंय हे आपण. भूम-वाशीकडची जोडपी ऊसतोडीला जातात तेव्हा नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. राबतात दोघं, उचल घेतो तो, हिशेब होतो त्याच्याशी. शेतकरी संघटनेनं नव्वदच्या दशकात ‘लक्ष्मी मुक्ती’ची चळवळ चालवली, बायकोचं नाव जमिनीवर लावा म्हणून नवऱ्यांना सांगितलं, ते याचसाठी. उसाच्या फडातल्या बाईचं काम दिसत असून मोजलं जात नाही. माझ्या भाचीला काम येत असून करता येत नाही. दोघींची नड एकाच जागी आहे, कागदावर स्वतःचं नाव नाही.

बरं, ‘थोडे दिवस कळ काढ, ग्रीन कार्ड आलं की सगळं ठीक होईल’ असं आपण समजावतो. त्या रांगेचा हिशेबही माहीत असावा. अमेरिका नोकरीच्या मार्गानं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं देते, आणि १९९० च्या कायद्यानुसार कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्केच. छोटा देश असो की भारत, मर्यादा तीच. म्हणून २०२५ च्या अखेरीस बहुतेक भारतीय इंजिनिअरांच्या वर्गात नंबर लागत होता तो २०१३ साली रांगेत उभे राहिलेल्यांचा. आता जो उभा राहील त्याचा कधी लागेल? तोवर मूल एकवीस वर्षांचं झालं तर त्याचाही एच-फोर संपतो. आणि नवऱ्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. नाहीतर सगळ्या घरानं परत यायचं.

आता अवघड जागी बोलते. नवरा चांगला नसला तर? घटस्फोट झाला की एच-फोरचा आधारच जातो. या भीतीनं मार खाणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या २००५ च्या कायद्यात तरतूद आहे. एच-वन-बीवरच्या नवऱ्यानं मारहाण किंवा क्रूर छळ केला, तर बायकोला त्याला न विचारता स्वतःचा नोकरीचा परवाना मागता येतो. त्याचा अर्ज, आय-७६५-व्ही, उपलब्ध व्हायला मात्र २०१७ साल उजाडलं. आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. अशा लग्नांसाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात केली आहे. लेक तिकडे असेल तर एवढी माहिती डायरीत लिहून ठेवा.

सगळे देश असेच वागतात का? नाही. अमेरिकेतच बदलीवर जाणाऱ्यांचा एल-वन व्हिसा असतो. त्यांच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं कार्ड न काढता नोकरी करता येते. जर्मनीत ब्लू कार्डवर गेलेल्याच्या बायकोला निवास परवाना मिळाला की कामाची मुभा असते. कॅनडानं जानेवारी २०२५ पासून जोडीदारांचे परवाने ठराविक व्यवसायांपुरते आवळले. म्हणजे ‘फॉरेनचा मुलगा’ एवढ्यावर भागत नाही, कुठला देश आणि कुठला व्हिसा हे बघायलाच हवं.

आणि स्वतःच्या नावाच्या परवान्यावर जाणं, हाही रस्ता आहे. महाराष्ट्र शासनानं २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिका आहेत. तिथं परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते आणि इथली पदवी तपासून घ्यावी लागते. मेहनत आहे, वेळ लागतो, करार झाला म्हणजे नोकरी हातात आली असंही नाही. पण तो परवाना तिचा असतो. इथंच सावधही करते. इंग्लंडनं २२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर म्हणून परदेशातून नवी भरती बंद केली आहे. तरीही कुणी ‘लंडनला म्हाताऱ्यांच्या सेवेची नोकरी’ म्हणून पैसे मागितले, तर दार लावून घ्या. दुसऱ्या कुठल्याही देशासाठी एजंट आला, तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते आधी तपासा.

लग्न करू नका, परदेशी जाऊ नका, असं मी कुणाला सांगणार नाही. भाचीलाही परत ये म्हटलं नाही. पण पत्रिका बघताना आपण मंगळ विचारतो, नाड विचारतो, मग हेही विचारावं. मुलाचा व्हिसा नेमका कुठला? त्याचा आय-१४० मंजूर झालाय का, आणि कधी? मुलीला तिथं नोकरी करता येईल का, नसेल तर किती वर्षं थांबावं लागेल? तोवर ती पुढचं शिकणार असेल तर फीचं काय? आणि तिचा पासपोर्ट, पदव्या, लग्नाच्या नोंदणीचा दाखला तिच्याच ताब्यात राहतील ना? चांगल्या मुलाला या प्रश्नांचा राग येणार नाही. आला, तर तेही लग्नाआधीच कळलं.

दोन दिवसांनी पेढ्यांच्या काकूंकडे मी मुद्दाम गेले. काकू बाजारात गेल्या होत्या, मुलगीच घरी होती. तिला हे पाच प्रश्न कागदावर लिहून दिले. तिनं ते दोनदा वाचले. मग म्हणाली, “यातलं एकही मला माहीत नव्हतं हो. त्यांचा आज रात्री फोन येणार आहे. विचारते.”

कागद तिनं घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला.