फुकट मिळाले, पण मापात बसते का?

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली फुकट मिळते आणि तिचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे, एवढे ऐकून व्यापारी व होतकरू प्रोग्रामर खूश होतात. परंतु किंमत हा दुय्यम मुद्दा आहे. खरा प्रश्न मापाचा आहे. आज एका यंत्रणेसाठी पैसे मोजून लिहून घेतलेला प्रोग्राम उद्या दुसऱ्या यंत्रणेवर चालेल काय? चालत नसेल तर फुकटची यंत्रणासुद्धा मालकाला बांधून ठेवते.

गावोगावची मापे निराळी असताना ग्राहकाची जी फसगत होत असे, तीच गत एकेकाळी युनिक्सची होती. प्रत्येक कंपनीचे युनिक्स वेगळे, प्रोग्राम वेगळा. त्यावर उपाय म्हणून १९८८ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 'पॉझिक्स' हे प्रमाण ठरविले. फाईल कशी उघडायची, नवे काम कसे सुरू करायचे, यासाठी प्रोग्रामने यंत्रणेकडे कोणत्या शब्दांत मागणी करायची, हे त्यात लिहिलेले आहे. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचे काम हाती घेतले, तेव्हा सुरुवातीलाच पॉझिक्सच्या नियमांची चौकशी केली. त्या दूरदृष्टीमुळे युनिक्सचे असंख्य प्रोग्राम थोड्याफार बदलाने लिनक्सवर आले.

तरीही उणिवा राहिल्या. एकाच प्रोग्रामात अनेक कामे एकाच वेळी चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. पॉझिक्सप्रमाणे या सर्वांचा प्रोसेस क्रमांक एकच हवा. जुन्या लिनक्समध्ये तो प्रत्येकाला निराळा मिळे. इतर युनिक्सवर बिनतक्रार चालणारे प्रोग्राम त्यामुळे येथे अडखळत. हा दोष दूर करणारी नवी थ्रेड व्यवस्था डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत रुळली. कोड खुला होता म्हणून दुरुस्ती शक्य झाली, आणि प्रमाण लिहिलेले होते म्हणून चूक कोणती हे ठरविता आले. दोन्ही गोष्टी लागतात.

काहीजण म्हणतील, ॲपलच्या मॅक प्रणालीने २००७ साली युनिक्सचे अधिकृत प्रमाणपत्र घेतले. बहुतेक लिनक्स वितरणांनी ते कधीच घेतले नाही, तरी सर्व्हरच्या बाजारात लिनक्सच पुढे आहे. मग प्रमाणाची गरज काय? आमचे उत्तर असे : प्रमाणपत्राला फी लागते आणि दर आवृत्तीमागे नवी खटपट, तेव्हा ते नसले तरी चालेल. पण माप सोडून चालणार नाही. आज लिनक्सचा दबदबा असल्याने 'इपोल'सारख्या केवळ लिनक्सच्या सोयी वापरून बेधडक प्रोग्राम लिहिले जातात. काही ठिकाणी वेगासाठी ते आवश्यक असेल. पण सवयीने केले तर जुनाच रोग नव्या नावाने परततो. काल कंपनीने बांधले, आज लोकप्रियतेने बांधले, एवढाच फरक!

म्हणून सॉफ्टवेअर लिहून घेणाऱ्या मालकांनी करारातच विचारावे : कोणता भाग पॉझिक्सनुसार आहे आणि कोणता फक्त लिनक्सचा? तो दुसरा भाग वेगळा काढून ठेवला आहे काय? आपल्या तरुणांनीही पॉझिक्सचा मूळ मजकूर वाचावा. त्याची २०२४ ची आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. एका यंत्रणेचा कारागीर त्या यंत्रणेबरोबर जुना होतो. माप जाणणाऱ्याला कुठल्याही बाजारात काम मिळते.