लग्नाचा छायाचित्रकार कोणी निवडावा?

लग्नसराई जवळ आली की छायाचित्रकार कोण ठरवायचा, हा प्रश्न कोपरगावातील घराघरांत निघतो. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु बिल कोण देणार आणि कॅमेरा कोणाकडे वळणार, एवढे विचारले की त्यामागील सामाजिक व्यवहार उघडा पडतो.

१९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी केली. तेव्हापासून ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ ही भाषा रूढ झाली. या ‘चांगले’ शब्दात आज नाशिकहून येणारी छायाचित्रकारांची तुकडी, ड्रोन, लग्नापूर्वीचे चित्रीकरण आणि जाडजूड अल्बम हे सारे येते. उसाच्या बिलाच्या भरवशावर किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून मुलीचा बाप हा खर्च उचलतो, आणि अल्बम जातो मुलाच्या घरी! वस्तुतः १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. तेव्हा छायाचित्रकाराची निवड वधू-वरांनी मिळून करावी आणि खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा सोसावा. हे ज्यांना मान्य नसेल, ते हुंडाच मागत आहेत असे खुशाल समजावे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीन साक्षीदारांसमोर लग्न करणारे साथी यातून बरेचसे सुटतात. पण हौसेने एक छायाचित्र तेही काढतातच.

कोपरगाव हा कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील दोन सहकारी साखर कारखान्यांचा तालुका. मंडपात संचालक वा पुढारी आले की सत्कारासाठी मुहूर्त ताटकळतो आणि कॅमेराही तिकडेच धावतो. पहाटेपासून राबलेल्या आत्या, मावश्या, वाढपी अल्बमात शोधूनही सापडत नाहीत. म्हणून छायाचित्रकाराने निवडून दाखविलेल्या नमुन्यांवर भुलू नये. एखाद्या लग्नाचा संपूर्ण अल्बम मागावा आणि त्यात पुढारी किती, घरची माणसे किती, हे मोजावे.

शक्यतो गावातलाच स्टुडिओवाला घ्यावा. त्याला आपली माणसे ठाऊक असतात. मात्र तोही श्रमजीवी आहे. दर पाडून घेणारे आणि लग्न उरकल्यावर बाकी थकविणारे आपल्या चळवळीतही आहेत, हे लिहिताना संकोच वाटत नाही. त्याला व दिवे धरणाऱ्या मदतनिसाला पंगतीत वेळेवर बसवावे. ठरलेली रक्कम, उचल आणि अल्बमची मुदत कागदावर लिहावी. वधूच्या संमतीवाचून तिचे छायाचित्र जाहिरातीत वापरले जाणार नाही, हेही त्याच कागदावर असावे.