गोठवलेला पराठा आणि घरची पोळी

पराठा ही पोळी आहे की नाही, असा प्रश्न एखाद्या सुगरणीला विचारला तर ती हसेल. आपल्या करव्यवस्थेने मात्र त्यावर पाच वर्षे काथ्याकूट केला. २०२० मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने परोटा म्हणजे चपाती नव्हे, असे सांगून त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू असल्याचा निर्वाळा दिला. २०२२ मध्ये गुजरातच्या अपील प्राधिकरणाने गोठवलेल्या पराठ्यांबाबत तोच निष्कर्ष काढला. या पराठ्यांमध्ये गव्हाच्या पिठाचे प्रमाण ३६ ते ६२ टक्केच असून बाकी तेल, मीठ, बटाटा, भाज्या असे जिन्नस आहेत, शिवाय खाण्यापूर्वी ते तव्यावर भाजावे लागतात, अशी त्यामागची कारणमीमांसा होती. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून पोळी आणि पराठा या दोहोंवरील कर शून्यावर आला आणि हा वाद मिटला.

तिजोरीपुरता तो मिटला, स्वयंपाकघरात मात्र तो कायम आहे. एका बाजूला गोठवलेले अन्न म्हणजे ‘शिळे’, ‘निःसत्त्व’ असे ठामपणे सांगणारी पिढी आहे, तर दुसऱ्या बाजूला सायंकाळी आठ वाजता लोकलमधून उतरून घर गाठणारी, फ्रीजरचे दार उघडून सुटकेचा निःश्वास टाकणारी पिढी. दोघांचेही काही अंशी खरे आहे. अडचण अशी की, दोघेही ‘फ्रोझन’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न वस्तूंविषयी बोलत असतात.

वाटाणा आणि नगेट्स

दुकानातल्या एकाच शीतपेटीत वाटाण्याचे पाकीट असते आणि त्याला खेटून चिकन नगेट्सचेही. दोन्हींचे तापमान सारखेच, उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी. साम्य जवळजवळ एवढ्यावरच संपते.

अन्न गोठवून टिकवण्याच्या आधुनिक उद्योगाचा पाया अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी घातला. लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत तेथील मूलनिवासी पकडलेली मासळी क्षणार्धात गोठवतात आणि ती महिन्यांनंतरही ताज्यासारखी लागते, हे त्यांनी पाहिले होते. मर्म होते ते वेगात. अन्न सावकाश गोठले की त्यातील पाण्याचे मोठे स्फटिक बनतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. त्यामुळेच घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेली भाजी बाहेर काढल्यावर लिबलिबीत होते. झपाट्याने गोठवल्यास स्फटिक सूक्ष्म राहतात आणि पोत टिकतो. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथील दुकानांत अशा पदार्थांची किरकोळ विक्री सुरू झाली.

कारखान्यात आलेला वाटाणा सोलून, निवडून, थोडा वेळ गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढला जातो आणि लगेच गोठवला जातो. या उकडण्यामुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात. पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्व आणि फोलेट यांचा काही अंश या टप्प्यावर नष्ट होतो, हे खरेच आहे. परंतु तुलना करायची ती कशाशी? शेतातून तोडल्यावर बाजार समिती, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता असा प्रवास करून आपल्या पिशवीत पडलेली आणि नंतर चार दिवस फ्रीजच्या तळच्या कप्प्यात विसावलेली भाजी या काळात आपले क जीवनसत्त्व सतत गमावत असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१५ मध्ये पालक, वाटाणा, गाजर, ब्रोकोली अशा आठ भाज्या-फळांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांतील पाचांमध्ये ताज्या आणि गोठवलेल्या मालातील क जीवनसत्त्वात लक्षणीय फरक आढळला नाही, उरलेल्या तिहींत गोठवलेल्या मालात ते अधिक होते. बीटा कॅरोटिनच्या बाबतीत मात्र काही भाज्यांमध्ये गोठवलेला माल स्पष्टपणे मागे पडला. तात्पर्य, ‘गोठवले म्हणजे सत्त्व गेले’ हे समीकरण टिकणारे नाही.

आता शेजारचे पाकीट पाहू. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाची ‘नोव्हा’ ही वर्गवारी मांडली. ती जिन्नसांपेक्षा प्रक्रियेकडे पाहते. तिच्यानुसार गोठवलेला वाटाणा पहिल्या, म्हणजे अत्यल्प प्रक्रियेच्या गटात येतो. नगेट्स, तयार पिझ्झा, सॉसेज यांचा समावेश चौथ्या, अतिप्रक्रियायुक्त गटात होतो. त्यांत स्टार्च, पाम तेल, स्वादवर्धके, स्थिरके अशा, घरच्या फडताळात सहसा न सापडणाऱ्या घटकांचा भरणा असतो. हा फरक केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे अल्पप्रक्रियायुक्त आहार दिला गेला. दोन्ही आहारांत उपलब्ध उष्मांक, साखर, मेद, तंतू आणि मीठ सारखे राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहारावर माणसे दिवसाकाठी सुमारे ५०० उष्मांक अधिक खाऊ लागली आणि त्यांचे वजनही वाढले. प्रयोग लहान होता, पण त्याचा रोख स्पष्ट होता.

आपल्याकडील चित्र याहून निराळे कसे असेल? २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चातील साडेदहा टक्क्यांहून अधिक वाटा पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा होता. त्यात बाहेरून आणलेले तयार जेवणही येते, हे मान्य. तरीही धान्यावरील खर्चाच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे असल्याचा अंदाज नोंदवला आहे.

सोय कोणाची?

येथवर वाचून ‘म्हणूनच घरचे अन्न ते घरचे’ असे म्हणण्याचा मोह होईल. पण घरचा स्वयंपाक आपोआप होत नाही, तो कोणीतरी करते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम मुळात करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण जेमतेम २६ टक्के होते. म्हणजे चारांपैकी तीन पुरुष या हिशेबातच नव्हते. घरच्या गरम पोळीचे गोडवे गाणारा आवाज बहुधा पाटावरून येतो, पोळपाटावरून नव्हे. गोठवलेल्या पराठ्याला नावे ठेवण्यापूर्वी त्याने कोणाची कोणती अर्धी घटका वाचवली, हे विचारायला हवे.

शिवाय ‘घरचे’ हा शब्द पोषणाची हमी नाही. भाजी आधी चिरून मग धुणे, तिचे पाणी ओतून देणे, सकाळची भाजी दोनदा गरम करणे, फोडणीत सढळ हाताने तेल ओतणे, लोणचे-पापडाने ताटातील मीठ वाढवणे, हे सारे घरातच घडते. फरक एवढाच की घरी तेल-मिठाचा चमचा आपल्या हातात असतो, पाकिटात तो दुसऱ्याच्या हातात असतो. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरे वाचणे, हाच त्या चमच्यावर ताबा मिळवण्याचा मार्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. समजा, एखाद्या पराठ्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि दोन पराठ्यांचे वजन १६० ग्रॅम आहे. मग न्याहारीतच ९६० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा हिस्सा संपला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. ‘गव्हाचा पराठा’ असे ठळक छापलेल्या पाकिटावर पहिले नाव मैद्याचे असेल, तर काय ते समजून घ्यावे.

तिसरी वाट

वस्तुतः फ्रीजर की शेगडी, एवढेच दोन पर्याय आपल्या समाजापुढे कधीच नव्हते. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड घालून पावसाळ्याची बेगमी करणारी आजी अन्न टिकवण्याचे शास्त्रच वापरत होती. जानेवारीत स्वस्त झालेला मटार घरभर बसून सोलायचा आणि डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा, ही त्याच वाळवणाची शहरी आवृत्ती. परदेशातील मराठी घरांत खवलेला गोठवलेला नारळ नसता, तर तिथल्या सोलकढीचे आणि मोदकांचे काय झाले असते, हेही आठवावे. स्वयंपाकाचा भार घराबाहेर सन्मानाने वाटून घेण्याची परंपरा तर मुंबईनेच घडवली. गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. आज पुण्या-मुंबईच्या गल्लोगल्ली दिसणारी पोळी-भाजी केंद्रे ही त्याच जातकुळीची आहेत. तिथली पोळी त्याच दिवशी लाटलेली असते आणि लाटणारीला तिच्या कामाचे दाम मिळते. घरात तेच काम विनामोल होते. पोषण, सोय आणि श्रमाचा मोबदला हे तिन्ही साधणारा हा पर्याय चर्चेत मात्र फारसा येत नाही.

गोठवलेल्या अन्नाच्या बाबतीत आणखी एक दुवा दुर्लक्षित राहतो, तो शीतसाखळीचा. थंडीने जिवाणू मरत नाहीत, ते केवळ थांबतात. कारखान्यात उणे १८ अंशांवर असलेले पाकीट टेम्पोत, दुकानाच्या उघड्या शीतपेटीत, घरपोच आणणाऱ्याच्या पिशवीत आणि आपल्याकडे वीज गेल्यावर किती वेळा वितळले, हे पाकीट सांगत नाही. सुटे असायला हवेत ते दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला असेल, तर ते वितळून पुन्हा गोठल्याचे लक्षण मानावे. वितळलेले मांस पुन्हा गोठवू नये आणि वितळवायचे ते ओट्यावर नव्हे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.

राहता राहिला प्रश्न सरकारचा. पराठा करमुक्त करताना तो कणकेचा आहे की मैद्याचा, त्यात मीठ किती, हे पाहिले गेले नाही. त्याच वेळी नूडल्स, सॉस, नमकीन यांवरील करही पाच टक्क्यांवर आला. दर उतरवण्यात तत्परता दिसली, माहिती देण्यात ती दिसली नाही. पाकिटाच्या दर्शनी भागावर पोषणविषयक मानांकन देण्याचा मसुदा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली आणि ती पुढे वाढवावीही लागली. खरे तर पराठ्याची पोळी होते की नाही यावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या दशांशाने पाकिटावर ‘मीठ जास्त’ एवढे दोन शब्द मोठ्या अक्षरांत सहज छापता आले असते.

तोवर निवड आपल्यालाच करायची आहे. वाटाण्याच्या पाकिटाला उगाच घाबरण्याचे कारण नाही आणि नगेट्सच्या पाकिटावर उगाच विश्वास टाकण्याचेही नाही. घरची पोळी हवीच असेल, तर ती लाटायला घरातील प्रत्येकाने पुढे यावे. तिची चव तेव्हाच खऱ्या अर्थाने ‘घरची’ होईल.