खलनायक, नायक आणि ठेवीदार

खलनायकाला कथेच्या केंद्रस्थानी बसविण्यात मुळात काही गैर नाही. मराठी प्रेक्षकाला तर ते नवेही नाही. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा नायक लखोबा लोखंडे हा अट्टल भामटाच होता, आणि प्रभाकर पणशीकरांनी त्याला विलक्षण लोकप्रियता मिळवून दिली. परंतु ते नाटक न्यायालयात घडते. प्रेक्षक लखोबाच्या चातुर्याला टाळी देतो खरा. पण त्याने फसविलेली माणसे एकामागून एक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहतात आणि त्या टाळीची किंमत काय, हे प्रेक्षकाला कळते.

हर्षद मेहता याच्यावरील ‘स्कॅम १९९२’ ही २०२० सालची हिंदी मालिका याच कसोटीवर घासून पाहावी लागेल. हंसल मेहता यांचे दिग्दर्शन आणि प्रतीक गांधी यांचा अभिनय यांत उणे काढण्याजोगे फारसे नाही. घोटाळा उघडकीस आणणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल यांना तीत मानाचे स्थान आहे. बँकांच्या संगनमतावरही ती पांघरूण घालीत नाही. तरीही मनात उरतो तो सामान्य घरातून वर आलेला, धाडसी हर्षदच.

याचे कारण असे की, ही चोरी डोळ्यांना दिसत नाही. सरकारी रोख्यांच्या व्यवहारांत बँका प्रत्यक्ष रोख्यांऐवजी परस्परांना नुसती पावती देत. या पावत्यांच्या आडून, आणि पुढे तर रोखेच नसताना दिलेल्या पावत्यांवर, बँकांचा पैसा दलालांच्या हाती गेला. जानकीरामन समितीने हा आकडा सुमारे ४,००० कोटी रुपये सांगितला. अशा पोकळ पावत्या देणारी एक बँक सातारा जिल्ह्यातली, बँक ऑफ कराड, होती. १९९२ मध्येच ती अवसायनात निघाली आणि तिचे ठेवीदार टांगणीला लागले. तेथील व्यवहार तर मुख्यतः दुसऱ्याच दलालांचे होते!

सगळेच करीत होते, सापडला तो एकटा, हा युक्तिवाद प्रेक्षक सहज घरी नेतो. त्यातील पहिला भाग बव्हंशी खरा आहे, आणि म्हणूनच तो युक्तिवाद घातक आहे. व्यवस्था पोखरलेली होती, यावरून ती बदलली पाहिजे असा निष्कर्ष निघावयास हवा. प्रत्यक्षात निघतो तो असा की, तिच्यातून वाट काढणारा तोच हुशार.

यावर मालिकेकडे पाठ फिरविणे हा उपाय नव्हे. कार्यकर्त्यांनी ती अवश्य पाहावी, चारचौघांसह पाहावी. आणि ती संपल्यावर अत्र्यांचे न्यायालय आठवून एवढेच विचारावे की, कराडचा तो ठेवीदार साक्षीला का बोलावला गेला नाही?