शुल्क माफ झाले, पोटाचे काय?

८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने एक स्वागतार्ह निर्णय प्रसृत केला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा अधिक नाही, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णतः माफ झाले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या शाखांची दारे त्यामुळे शेतकऱ्याच्या, रिक्षाचालकाच्या, शिवणकाम करणाऱ्या आईच्या मुलीसाठी उघडली, हे नि:संशय. निर्णयाचे श्रेय ज्यांचे त्यांना अवश्य द्यावे. परंतु हे दार शहरात आहे आणि मुलगी गावात आहे. तिने शहरात राहायचे कोठे आणि खायचे काय, हा प्रश्न शुल्कमाफीच्या शासन निर्णयात येत नाही. आणि उच्च शिक्षण अर्ध्यावर सोडून परतणाऱ्या मुलामुलींची कहाणी बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी येऊन थांबते.

उच्च शिक्षणातील विद्यार्थी आज कोण आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील विद्यार्थिसंख्या ४ कोटी ३३ लाखांवर गेली. त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात अनुसूचित जातींतील विद्यार्थी ४६ लाखांवरून ६६ लाखांवर पोहोचले आणि अनुसूचित जमातींतील विद्यार्थी १६ लाख ४१ हजारांवरून २७ लाख १० हजारांवर. सुमारे ४५ लाख ७८ हजार विद्यार्थ्यांसह महाराष्ट्र उत्तर प्रदेशाखालोखाल दुसऱ्या स्थानी आहे. या आकड्यांचा अर्थ असा की, ज्या घरांत आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्या घरांतील मुले आता वर्गात बसली आहेत. महाविद्यालयाच्या मनातील विद्यार्थी मात्र अजून जुनाच आहे. संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातचे गरम जेवण जेवणारा, अभ्यासाला स्वतंत्र टेबल असणारा, महिनाअखेरीस वडिलांकडे हात पसरू शकणारा! वेळापत्रक त्याच्यासाठी आखले जाते, प्रकल्पाचा खर्च त्याला डोळ्यांसमोर ठेवून ठरतो आणि 'पालकांना घेऊन या' असा निरोपही त्यालाच धाडला जातो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचा मुलगा छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात शिकत असेल, तर त्याने पालकांना कोठून आणावे? दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन आई-वडील कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले असतात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे महाविद्यालयाचे बहुतेक सारे वर्ष गावातील घराला कुलूप असते. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे करण्याची सूचना फळ्यावर लागते, तेव्हा इतर मुले आनंदाने पिशव्या भरतात आणि हा मुलगा मित्राच्या घरी चार दिवस काढता येतील का, याची चाचपणी करतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याची संत भगवानबाबा योजना २०२१ मध्ये आखण्यात आली. दिशा योग्यच होती. पण पदवीसाठी मोठ्या शहराकडे गेलेल्या तरुणाचा प्रश्न तालुक्याच्या वसतिगृहाने सुटत नाही.

आता हिशेब मांडून पाहावा. अनुसूचित जातींतील व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांना पुणे-मुंबईसारख्या शहरांत भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार असे वर्षाला ६० हजार रुपये देण्याची तरतूद या योजनेत करण्यात आली. जनजातींतील विद्यार्थ्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना याच दराने आखली गेली. वर्षाचे ३२ हजार रुपये शिक्षणाच्या दहा महिन्यांत वाटले, तर महिन्याला ३ हजार २०० आणि दिवसाला सुमारे १०६ रुपये येतात. त्यांत दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता! निवासाचे महिन्याला २ हजार येतात. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर एक खाट मिळवण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल, त्याला या रकमेवर अधिक भाष्य करण्याची गरज भासणार नाही. ज्यांना योजनेचा लाभ मिळत नाही, त्यांच्यासाठी हाच हिशेब घरच्या मजुरीतून मांडावा लागतो. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे मुलाचे महिन्याचे निव्वळ जेवण भागवण्यासाठी आईने जवळपास अकरा दिवस खणती करायची. काम मिळाले तर.

रकमेपेक्षाही गंभीर बाब आहे ती वेळेची. खाणावळवाला महिन्याच्या आरंभी पैसे मागतो, घरमालक अनामत आधी घेतो आणि शासनाचा हप्ता मात्र अर्ज, पडताळणी, त्रुटी, पुन्हा अर्ज, निधीची उपलब्धता अशी वळणे घेत अनेकदा वर्ष संपताना, कधी ते उलटल्यावर, खात्यात उतरतो. परीक्षा होऊन गेल्यावर मिळालेल्या पैशांनी ऑगस्टमधली भूक भागत नाही. मधल्या काळात मुलगा काय करतो? एक वेळ जेवतो. दोघांत एक डबा लावतो. रात्री सुरक्षारक्षकाची नोकरी करतो किंवा दुचाकीवरून इतरांच्या घरी गरम जेवण पोहोचवतो आणि सकाळच्या पहिल्या तासाला डोळे मिटतात, तेव्हा प्राध्यापकांना तो आळशी वाटतो. सावकाराकडून उचललेले पाच-सात हजार फेडता फेडता पुढचे सत्र सुरू होते.

५ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने मोठ्या शहरांतील आदिवासी वसतिगृहांतील भोजनगृहे बंद करून भोजनाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात देण्याचे ठरले. त्यामागील कारण खोटे नव्हते. ठेकेदारी भोजनगृहांतील पाण्यासारखी डाळ आणि कच्च्या पोळ्या हा वर्षानुवर्षांचा तक्रारीचा विषय होता. तरीही त्याच वर्षी जुलैमध्ये जनजातींतील विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले आणि त्यांची मागणी होती ती पूर्वीप्रमाणे भोजनगृह सुरू करण्याची! भर पावसात महामार्गावरून चालणाऱ्या या तरुणांना काहींनी राजकीय हाताखालची बाहुली ठरवले. त्यांचे म्हणणे समजून घेणे तितके अवघड नव्हते. ठेकेदाराचे ताट वाईट असले, तरी ठरलेल्या वेळी समोर येते. खात्यातील पैसा उशिरा येतो आणि आला तरी तो केवळ विद्यार्थ्याचा राहत नाही. गावी धाकट्या भावाला ताप भरला, बियाण्याला चार हजार कमी पडले की नंदुरबार-मेळघाटातील कोणती मुलगी 'हे माझ्या जेवणाचे पैसे आहेत' असे घरी सांगेल? ताट घरी पाठवता येत नाही, हाच ताटाचा गुण आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी हा पुण्याच्या शैक्षणिक इतिहासाचा अभिमानाचा भाग मानला जातो. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा निराधार मुलांना छप्पर दिले आणि त्यांतून कर्तृत्ववान पिढ्या उभ्या राहिल्या. परंतु या अभिमानात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी ही व्यवस्था ज्यांना पंक्तीत बसता येत होते, त्यांच्यापुरतीच होती. ज्याची सावली चालत नव्हती, त्याला वार कोण देणार? म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांना १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढावी लागली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सभा १९२४ ची; म्हणजे आरंभीच्या कामांतच त्यांना वसतिगृह सुचावे, हा योगायोग नव्हे. सयाजीरावांच्या महिना २५ रुपयांवर महाविद्यालयीन शिक्षण पुरे केलेल्या माणसाला विद्यार्थ्याचे नेमके कोठे अडते, हे ठाऊक होते.

शाहू महाराजांची बहुतेक वसतिगृहे जातिनिहाय होती. त्या काळात आरंभ तेथूनच शक्य होता. त्यापुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याच्या बोर्डिंगात टाकले. सर्व जातींची मुले एकत्र दळण-कांडण करीत, एकत्र रांधीत आणि एकाच पंक्तीत जेवीत. बोर्डिंगात धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. तेथील प्रत्येक मुलगा केवळ 'बोर्डिंगातला मुलगा' होता.

शंभर वर्षांनंतरचे चित्र पाहावे. पुण्यातील एका भाड्याच्या खोलीत चार खाटा आहेत. पहिल्या खाटेवरचा मुलगा स्वाधारचा अर्जदार, दुसरा स्वयम्‌चा, तिसरा इतर मागास वर्गाच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा आणि चौथा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा. चौघांची भूक एक, खाणावळ एक, घरभाडे एक. खाती चार, अटी चार, हप्त्यांच्या तारखा चार. आधार योजनेत तर एका जिल्ह्यात ६०० विद्यार्थी अशी मर्यादा ठरली. सहाशेएकावा मुलगा त्याच खोलीत असला, तर त्याच्या वाट्याला तिघांची उसनवारी. ज्यांनी एकमेकांच्या डब्यातील भाजी वाटून घ्यायची, ते 'तुमचे आले, आमचे का नाही' यावर बोलू लागतात. वर्गवारीमागील ऐतिहासिक न्याय कोणी नाकारू नये. शिष्यवृत्ती वेगळी असू शकते. परंतु जेवणाच्या ताटाची वर्गवारी करण्याने समाज जोडला जात नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

मुलींच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. गावाहून रोज ये-जा करणारी विद्यार्थिनी सायंकाळच्या शेवटच्या एसटीला बांधलेली असते. त्या गाडीनंतरचे प्रात्यक्षिक, ग्रंथालय, स्पर्धा यांतले काहीच तिचे नसते. शहरात राहावे, तर सुरक्षिततेचा प्रश्न. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली. त्या बातमीनंतर ज्यांनी मुलीला वसतिगृहात धाडण्याचा विचार सोडून दिला असेल, अशा आई-वडिलांची नोंद कोणत्याही सर्वेक्षणात होत नाही.

सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, ती खेड्यातून आलेल्या गरीब मुलांच्या निवास-भोजनाच्या चिंतेतून. कोथरूड-कर्वेनगरच्या कितीतरी सदनिकांत आज एक खोली बंद असते; मुले परदेशी, घरात दोन वृद्ध. याच वस्त्यांत खोली मागायला आलेल्या मुलाला प्रथम आडनाव विचारले जाते आणि मग 'खोली कालच गेली' असे उत्तर मिळते. आजोबांनी वार लावून शिक्षण घेतल्याची गोष्ट त्याच घरात मोठ्या भक्तिभावाने सांगितली जात असते. जुन्या काळी वार जातीच्या कुंपणात अडला. आज कुंपण ओलांडून तो देण्याची ऐपत आणि संधी दोन्ही आहेत. वस्तीतील दहा घरांनी मिळून एका विद्यार्थिनीची खाणावळ चालवणे हे काही अवघड सेवाकार्य नव्हे.

शासनाने करावयाची गोष्ट तर त्याहून सोपी आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत विद्यार्थ्याचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, महाविद्यालय, अभ्यासक्रम, सारे काही शासनाच्या संगणकात जमा होते. शुल्क माफ करताना हीच माहिती पुरेशी ठरते. मग निवास-भोजनाच्या अर्जासाठी तीच कागदपत्रे पुन्हा का मागितली जातात आणि तपासायला आठ-आठ महिने का लागतात? प्रवेश निश्चित झाला त्याच आठवड्यात पहिला हप्ता विद्यार्थ्याच्या खात्यात पडावा, हाजेरीची आणि गुणांची तपासणी दुसऱ्या हप्त्यापूर्वी करावी आणि योजना कोणत्याही खात्याची असली, तरी हप्त्याची तारीख सर्वांना एकच असावी. यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. समाजकल्याण, आदिवासी विकास, बहुजन कल्याण आणि उच्च शिक्षण या चार खात्यांच्या सचिवांनी एका दुपारी एका टेबलाभोवती बसणे पुरेसे आहे.