निम्मा खर्च आमचा, मग रूळ कोणाचे?



बटाईने रान केले तर निम्म्या खर्चाला निम्मा माल, हा हिशेब शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळतो. बी-खत निम्मे तुझे, रास मात्र सगळी माझी, असे म्हणणाऱ्या मालकाला गावात वाटेकरी मिळायचा नाही. दिल्लीच्या रेल्वे खात्याला मात्र मुंबईच्या सरकारच्या रूपाने असा वाटेकरी मिळाला आहे, आणि तोही आपल्या जिवावर.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाइन १९९५ साली मंजूर झाली. अंदाज होता ३५३ कोटींचा. नव्या लाइनने १४ टक्के परतावा द्यावा, ही रेल्वेची तेव्हाची कसोटी. ज्वारी-कापसाच्या कोरडवाहू मुलखातून तो कुठून निघणार? जिथे घामाचा भाव निघत नाही तिथे १४ टक्के! म्हणून अर्थसंकल्पात दरसाल शिंतोडे उडत राहिले. शेवटी राज्याने निम्मा खर्च अंगावर घेतला. तोवर अंदाज फुगतच होता, पुढे तो ४,८०० कोटींच्या वर गेला. राज्याचा निम्मा वाटा झाला २,४०० कोटी. म्हणजे १९९५ साली अख्खी लाइन जेवढ्यात होणार होती त्याच्या जवळजवळ सातपट पैसा नुसत्या अर्ध्या वाट्यापोटी. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. परळीपर्यंतचे काम तेव्हाही बाकीच होते.

सोसायटीचा हप्ता चुकला तर व्याज आपल्या बोडक्यावर बसते. इथे उशिराचा दंड कोणालाच नाही. राज्याचा हप्ताही दरवेळी वेळेवर गेला असे नाही. कोणाच्या राज्यात पैसे अडले यावर पुढारी भांडले आणि तेवढ्या वेळात अंदाज आणखी वाढला. साहेबलोक सांगतात, जमिनी महाग झाल्या म्हणून खर्च वाढला. वा रे वा! १८९४ च्या कायद्याने पडेल भावात जमीन घेता आली नाही, याचेच दुःख दिसते.

आता मुद्द्याचे. राज्यघटनेत रेल्वे हा केंद्राचा विषय. लाइन झाली की रूळ रेल्वेचे, तिकिटाचे पैसे रेल्वेचे, मालाचे भाडेही रेल्वेचे. निम्मा खर्च देणाऱ्या राज्याच्या हाती काय? उद्घाटनाची फीत. राज्याच्या तिजोरीत पैसा येतो तो आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेलवरील करातूनही.

दुसरीकडे असे नाही. १९९० साली कोकण रेल्वेची कंपनी झाली तेव्हा केंद्राचे ५१ टक्के आणि महाराष्ट्राचे २२ टक्के भागभांडवल होते. कर्नाटक, गोवा, केरळही भागीदार. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कंपनीत केंद्राचे १०,००० कोटी, महाराष्ट्र आणि गुजरातचे प्रत्येकी ५,००० कोटी, आणि तेही शेअर म्हणून. मूळ अंदाज १,०८,००० कोटींचा. त्यातले ८१ टक्के जपानचे कर्ज, ०.१ टक्का व्याज, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे फेड नाही. असे पीककर्ज कोणी पाहिले आहे काय? या गाडीला १४ टक्क्यांची फूटपट्टी लावलेली आम्ही तरी ऐकली नाही.

यवतमाळच्या भावांनी हसू नये. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही २८४ किलोमीटरची लाइन २००८-०९ ची. तिथे राज्याचा वाटा ४० टक्के. वर्धा ते कळंब एवढा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. एकाला ५०, दुसऱ्याला ४०, कशाच्या आधाराने? ज्याची नड मोठी त्याला भुर्दंड मोठा, हा तर सावकारी नियम. इंग्रजाला वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला न्यायचा होता तेव्हा कापसाच्या गावापर्यंत रूळ आले. वर्गणी द्या, मग बघू, असे तो कास्तकाराला म्हणाला नव्हता. लुटायला का होईना, त्याला घाई होती.

जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा आहे तो एवढाच. राज्य जेवढा पैसा घालील तेवढी मालकी त्याच्या नावे लागली पाहिजे. ज्या सरकारच्या उशिराने खर्च वाढेल, वाढीव रक्कम त्याच सरकारने भरावी. आणि बीडच्या स्टेशनात सरकीच्या, गाठींच्या, ज्वारीच्या पोत्यांच्या वाघिणी कोणत्या दिवशी भरल्या जातील, ते खासदारांनी तारखेसह लिहून द्यावे.